ऑक्सिजन सेन्सर घरी बदलताय? या चुका टाळा

माझ्या हातून झालेल्या चुकीपासूनच सुरू करतो. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर; साध्या गाडीत एक पुढे, एक मागे. चेक इंजिनचा दिवा लागला, ब्लूटूथ स्कॅनरवर पी-०१४१ हा बिघाडाचा कोड आला. मी त्यातलं 'ऑक्सिजन सेन्सर' एवढंच वाचलं आणि पुढचा सेन्सर मागवून बसवला. दिवा तसाच. मग नीट वाचलं, तर कोड मागच्या सेन्सरच्या हीटरचा, म्हणजे सेन्सर तापवणाऱ्या आतल्या तारेचा होता. गाडीखाली शिरून पाहिलं तर तो सेन्सरही धडधाकट, वायर मात्र उंदरांनी कुरतडलेली. पावसाळ्यात चार दिवस गाडी उभी राहिली की ही मंडळी येतातच.

तर कोड वाचतानाच घाई नको. चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल गाडीत पी-०१३० ते ०१३५ हे कोड पुढच्या सेन्सरच्या सर्किटचे आणि पी-०१३६ ते ०१४१ मागच्याचे. पुढचा सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) अलीकडे असतो, त्याच्या रीडिंगवर इंजिनला पेट्रोल कमी-जास्त मिळतं. मागचा मुख्यतः कन्व्हर्टरवर पहारा देतो. अॅव्हरेज पडलंय म्हणून मागचा बदलायला निघालेल्यांनी इथेच थांबावं.

पी-०१७१ आला की सेन्सर काढणारेही बरेच. हा कोड 'मिश्रणात हवा जास्त' एवढंच सांगतो. इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट गळत असेल, एखादा व्हॅक्यूम पाइप तडकला असेल, तर सेन्सर बिचारा खरं तेच सांगतोय. पी-०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) आला तरी संशय आधी कन्व्हर्टरवर आणि सायलेन्सरच्या गळतीवर घ्यायचा.

हीटरचा कोड असेल तर आधी फ्यूज, मग कनेक्टर आणि वायर, शेवटी सेन्सर. मल्टीमीटर हीटरच्या दोन पिनांना लावा. थंड सेन्सरवर काही ओहम दिसायला हवेत. मीटरवर आकडाच न येता सर्किट तुटल्याची खूण (ओएल) दिसली तर आत हीटर तुटलाय. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर सेन्सरच्या वायरला किटवाल्याने जोड दिलाय का, तेही पाहा. नुसती टेप गुंडाळलेले असे जोड उन्हाने नि पाण्याने सैल होतात.

इंजिन तापल्यावर स्कॅनरच्या लाइव्ह डेटात पुढच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वर-खाली होतो. एकाच जागी चिकटून बसला तर संशय रास्त. मागच्याचा मात्र जवळपास स्थिर असावा. तिथे आकडा नाचत नाही म्हणून तो खराब ठरवू नका. काही गाड्यांत पुढे एअर-फ्युएल सेन्सर असतो, त्याला हा हिशोब लागू नाही.

आता काढणं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावायचाच. गार सेन्सर जाम बसलेला असतो आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन हात भाजतं, म्हणून कोमट असताना हात घाला. साधा फिक्स पाना लावलात की षटकोन गोल झालाच समजा. वायरसाठी खाच असलेला बावीसचा सॉकेट आणा. गंज काढायचा स्प्रे आट्यांच्या कडेला मारून थोडा वेळ थांबा. मग थोडं सोडा, थोडं उलट आवळा, पुन्हा सोडा. जोर करून एकदम फिरवला तर सेन्सर बसतो त्या एक्झॉस्टच्या भोकातले आटे मरतात आणि मग टॅप मारायला (आटे पुन्हा पाडायला) मेकॅनिककडे जावंच लागतं.

काढलेला सेन्सर लगेच फेकू नका, त्याचं टोक पाहा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरट थर बहुतेकदा सिलिकॉन सीलंट किंवा कूलंटचा. मूळ दुखणं तसंच ठेवलंत तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाणार.

नव्याच्या आट्यांना बहुधा कंपनीनेच अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचं मलम) लावलेलं असतं. नसेल तर फक्त आट्यांवर अगदी थोडं लावा. टोकावर लागलं तर सेन्सर वाया. हातातून दगडी फरशीवर पडला तर आतलं सिरॅमिक तडकू शकतं, बाहेरून काही दिसत नाही. सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा, मग बॉक्सवरच्या टॉर्कला आवळा. कनेक्टर शेवटी जोडायचा, नाहीतर फिरवताना वायरला पीळ बसतो.

युनिव्हर्सल सेन्सर (ज्याच्या वायर जुन्या कनेक्टरला आपणच जोडायच्या) घेतला असेल तर वायर डागू (सोल्डर करू) नका, क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडा. या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि बऱ्याच डिझाइनमध्ये ती वायरच्या तारांमधूनच आत जाते. डाग दिला की तो मार्ग बुजतो. कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट स्प्रे मारू नये, त्याचंही कारण हेच: त्याची वाफ आत पोचून रीडिंग बिघडवते.

कोड पुसून इंजिन सुरू केल्यावर जरा धूर आणि जळका वास आला तर घाबरू नका. तुम्ही मारलेला स्प्रेच जळतोय. हीटरचा बिघाड राहिला असेल तर तो कोड लवकर परत दिसतो. बाकीच्यांसाठी दोन-तीन दिवस गार इंजिनापासून थोडं गावात, थोडं हायवेवर चालवा आणि मगच स्कॅनर पुन्हा लावा.