ब्रह्मगिरी आधी, त्र्यंबकेश्वर नंतर

मी गट घेऊन जाते तेव्हा क्रम उलटा ठेवते: आधी डोंगर, मग देऊळ. नाशिकहून पहाटेच निघा, त्र्यंबक जेमतेम तीस किलोमीटर आहे. उन्हं तापायच्या आत ब्रह्मगिरीच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या मागे पडायला हव्यात. डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. गटातल्या सर्वात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, बाकीचे आपोआप त्याच्या चालीने येतात. माकडं फार धीट आहेत. खाऊ, प्रसाद पाठपिशवीच्या तळाशी ठेवा, हातात पिशवी नकोच. वर गोदावरीचं उगमस्थान आणि शंकरानं जटा आपटल्या ते जटामंदिर. इथे घाई करू नका. एवढ्याशा पाण्याची पुढे राजमहेंद्रीजवळ केवढी अफाट नदी होते, हे गटाला मी इथेच सांगते. गुडघे दुखणाऱ्यांनी डोंगराच्या अर्ध्यावरच्या गंगाद्वारापर्यंतच जावं, तेही पुरेसं आहे.

उतरल्यावर गावातल्या कुशावर्त कुंडात हातपाय धुवा आणि रांगेत उभे राहा. मंदिर नानासाहेब पेशव्यांनी काळ्या पाषाणात नव्याने बांधायला घेतलं. पिंडीत उंचवटा नाही, खळगा आहे. त्यात ब्रह्मा, विष्णू, महेशाची अंगठ्याएवढी तीन लिंगं. आधी सांगितलं नाही तर गर्दीत ती नजरेतून सुटतात. सोमवार आणि श्रावण टाळा.