कोलोनोस्कोपीआधी स्टूलची डबी: आयबीडीच्या नमुन्यांची तयारी

आयबीडी म्हणजे आतड्याची दीर्घकाळ टिकणारी सूज; क्रोन्स हा त्यातलाच एक आजार. अशा पेशंटचं स्टूल आणि कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत) काढलेले बायोप्सीचे तुकडे संशोधनासाठी कसे गोळा करायचे, ते इथे. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि मराठीतलं संमतिपत्र आहेच, असं धरून लिहिते.

पहिलं काम ओपीडीतलं. कोलोनोस्कोपीची तारीख देताना पेशंटच्या हातात स्टूलची डबी द्या. तेव्हाच. नमुना पोट साफ करायचं औषध पिण्याआधीचा हवा. पॉलिइथिलीन ग्लायकॉलने आतडं धुतलं गेलं की जिवाणूंचं आपसातलं प्रमाण बदलतं. मग थांबून पुन्हा नमुना घ्यावा, तर तोवर स्टेरॉइड सुरू झालेलं असतं. औषध पेशंट आदल्या संध्याकाळी घरीच पितो. सकाळी एंडोस्कोपीच्या दारात डबी देऊन काय उपयोग? मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं. आदल्या दिवशी दुपारी फोन करा आणि एवढंच विचारा: औषध प्यायच्या आधी डबी भरणार ना?

औषधांची माहिती नीट घ्या. गेल्या ३ महिन्यांतली अँटिबायोटिक्स, आणि आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्याही, कारण त्यांनी कॅलप्रोटेक्टिन (स्टूलमधलं, आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) वाढतं. टीबीची औषधं स्वतंत्र विचारा. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा टीबी वेगळा ओळखणं अवघड, त्यामुळे क्रोन्सच्या कित्येक पेशंटना आधी टीबीची औषधं देऊन पाहिलेली असतात. रिफॅम्पिसिन हेही अँटिबायोटिकच आहे, हे फॉर्म भरताना कुणाच्या लक्षात येत नाही.

संमती गुंगीच्या इंजेक्शनआधी. क्रायोव्हायलची (नमुने गोठवून ठेवायच्या छोट्या कुप्यांची) लेबलं आदल्या दिवशीच लावा, तीही उणे ८० अंशांना टिकणारी. साधी गळून पडतात. निदानाच्या बायोप्सी कमी पडता कामा नयेत, संशोधनाचे तुकडे त्यांच्याव्यतिरिक्त घ्यायचे. टीबीची शंका असेल तर कल्चरचा (जिवाणू वाढवून पाहायचा) तुकडा सलाइनमध्ये टाका. फॉर्मलिनमध्ये गेला की जिवाणू मरतात, कल्चर संपलं. फॉर्मलिनला लागलेली फोर्सेप्स (चिमटा) आरएनएच्या तुकड्याला लावू नका. तुकडा कुठला, तिथे सूज होती की नव्हती, मेयो स्कोअर (सुजेच्या तीव्रतेचे गुण) किती, हे स्कोप बाहेर येताच लिहा; संध्याकाळी आठवत नाही.

आणि डबी आली का ते स्कोप सुरू होण्याआधी विचारा. आली नसेल तर त्या पेशंटच्या नोंदीत 'स्टूल नाही' असं स्पष्ट लिहा, औषधानंतरचा नमुना त्या जागी खपवू नका.

पुढचं थोडक्यात: आरएनएलेटरमधले (आरएनए टिकवणाऱ्या द्रावणातले) तुकडे रात्रभर ४ अंशांना, मग उणे ८०. रॅक, खोका, खाना रजिस्टरमध्ये त्याच दिवशी.