मूल तुमच्या प्रश्नाची वाट बघायला लागलं तर

बिहेवियर थेरपी, म्हणजे मुलाच्या वागण्यामागचं कारण शोधून त्याला नवं काही शिकवण्याची पद्धत, शिकायला फोंडा, डिचोली, पेडण्याहून मुली येतात, तेव्हा पुस्तकातलं बहुतेकींना ठाऊक असतं. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, ही तीन रकान्यांची वही त्या भरू शकतात. लक्ष वेधणं, काम टाळणं, वस्तू मिळवणं, शरीराला बरं वाटणं, ही वागण्यामागची चार कारणंही पाठ असतात. ते पुन्हा सांगत नाही. मला सांगायचंय ते मदतीबद्दल, कारण ऑटिझम असलेल्या मुलाला आपण केलेली मदतच त्याच्या आड येऊ शकते.

मूल बाटलीकडे बघतं. आपण विचारतो, "काय पाहिजे?" ते म्हणतं, "पाणी." आपण पाणी देतो, शाबासकी देतो, बरोबरची खूण करतो. थोड्याच दिवसांत पान खुणांनी भरतं. मग आई येऊन म्हणते, "टीचर, घरी तर तो अजून माठापाशी जाऊन रडतो." मी इथेच अडकले, आणि बराच काळ मला वाटत राहिलं की घरी सराव कमी पडतोय. खुणा खोट्या नव्हत्या. पण मूल पाणी मागायला शिकलंच नव्हतं. ते "काय पाहिजे?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकलं होतं. घरी तो प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तहान लागली तरी शब्द येत नाही.

हाताची मदत कमी करणं त्या मानाने सोपं असतं. आधी हात धरायचा, मग मनगट, मग कोपर, मग सोडून द्यायचा. तोंडी मदत मात्र चिकटून बसते, कारण आपण ती देतोय हेच आपल्या लक्षात येत नाही. भुवया उंचावणं, बाटलीकडे नजर टाकणं, किंचित पुढे झुकणं, हीसुद्धा मदतच. म्हणून पाणी दिसेल पण हाताला लागणार नाही असं ठेवा आणि गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा. शब्द आला नाही तर प्रश्न विचारू नका. आपणच "पाणी" म्हणा आणि लगेच द्या. मुलाला तहानलेलं ताटकळत ठेवणं ही थेरपी नव्हे. त्याने बोट दाखवलं किंवा चित्राचं कार्ड हातात दिलं, तरी ते मागणंच आहे. वहीत "मदतीने" आणि "आपणहून" असे दोन वेगळे रकाने ठेवा. दोन्हींची एकत्र टक्केवारी काढलीत, तर तो आकडा तुम्हाला फसवेल. मग माणूस बदला, खोली बदला, पेला बदला, आणि तरी शब्द येतो का बघा.

शब्दही घरचाच हवा. गोव्यात घरी कोंकणी, आजीकडे मराठी, शाळेत इंग्रजी. "एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला" असा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला त्याचा मनापासून राग येतो. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. घरी "उदक" म्हणत असतील तर आपणही "उदक"च शिकवायचं.

हे सगळं वाचून घाबरू नका. हळूहळू जमतं. एखादा दिवस नुसता जमिनीवर बसून गाड्यांची रांग लावण्यात गेला, तरी तो वाया गेलेला नसतो.

आता शॉर्टकटबद्दल. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर मुलांना हात लावू नका. या थेरपीची प्रमाणपत्रं देणाऱ्या अमेरिकेच्या मंडळाने (BACB) २०२३ पासून भारतातल्या नव्या अर्जदारांसाठी दार बंद केलं आहे, त्यामुळे ते नाव दाखवून कोणी कोर्स विकत असेल तर चार प्रश्न जास्त विचारा. माझ्या मते भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करा. लांबचा असला तरी तोच रस्ता धरा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासाचा दाखला देऊन "आठवड्याला ४० तास, निम्मी मुलं बरी" असं सांगणाऱ्यांपासूनही सावध राहा. त्यात सघन उपचार मिळालेल्या १९ पैकी ९ मुलांची मोठी प्रगती नोंदली होती हे खरं. पण गट चिठ्ठी टाकून पाडलेले नव्हते, आणि त्या उपचारात मोठ्याने "नाही" म्हणणं, मांडीवर चापट मारणं हेही होतं. ऑटिझम असलेली मोठी माणसं आज या पद्धतीबद्दल कडवट बोलतात, त्याला कारण आहे. हात फडफडवणं कोणाला इजा करत नसेल तर ते थांबवणं हे आपलं कामच नाही.

लांबचे दाखले कशाला, गोव्यातच बघा. पर्वरीच्या 'संगत' संस्थेने गोवा आणि रावळपिंडी मिळून ६५ मुलांबरोबर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ती काटेकोर अर्थाने बिहेवियर थेरपी नव्हती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना त्यांच्याच खेळाचे व्हिडिओ दाखवून मुलाच्या इशाऱ्याला साथ द्यायला शिकवलं. ती मुलं आपणहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली. आपणहून! मी वर दोन रकान्यांसाठी एवढा जीव टाकला तो यासाठीच.

घरचे लोक वेगळे काढून थेरपी होत नाही, हे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कळतं. मूळ घरी पन्नास माणसं, फटाके, घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती. मूल कान दाबून स्वतःला मारून घेतं, आणि कोणीतरी म्हणतं, लाडावून ठेवलाय. तिथे शिक्षा किंवा बक्षीस, दोन्ही चुकीचं. आवाज सहन होत नाही एवढंच ते सांगतंय. दोन आठवडे आधीपासून माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची सजावट), आरती, पाहुणे यांची चित्रं दाखवा. कानांवर हेडफोन द्या. "बाहेर जायचंय" हे कार्ड त्याच्या खिशात असू द्या, आणि ते दाखवताच कोणताही काका आडवा येणार नाही याची बोलणी आईवडिलांकडून आधीच करून घ्या.

नोकरी धरताना पगाराआधी एक गोष्ट विचारा: आईला खोलीत बसू देता का? अधूनमधून एखादं मूल बिथरतं म्हणून तिला बाहेर ठेवणं मी समजू शकते. पण "पालक आत आले की मुलं ऐकत नाहीत" हा जिथे नियमच आहे, तिथे राहू नका. आणि ज्या वरिष्ठ बाई तुमच्या शेजारी जमिनीवर बसून अर्धा तास तुमचे हात, तुमची नजर बघतात आणि मग "तू इथे भुवई उचललीस" असं सांगतात, त्यांच्या हाताखाली कमी पैशात काम मिळालं तरी घ्या.