हिवाळ्यासाठी स्टीलची रोड बाइक फ्रेम: आधी मोजपट्टी, मग नळीचं नाव

हिवाळी सायकलसाठी स्टीलची फ्रेम शोधणारे बहुतेक जण नळीपासून सुरुवात करतात. रेनॉल्ड्स ५३१ की ८५३, कोलंबस (दोन्ही नळ्या बनवणाऱ्या कंपन्या) की साधी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील), यावर तासन्‌तास खल चालतो. पण बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या ओल्या रस्त्यावर फ्रेम कशी निभावेल, हे नळीच्या नावावर ठरत नाही. टायर आणि मडगार्ड दोन्ही मावतात का, मडगार्ड धरायला भोकं आहेत का आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडतं का, हे तीन प्रश्न आधी विचारायचे. म्हणून फ्रेम बघायला जाताना स्टीलची मोजपट्टी, टॉर्च, अडीच मीटर दोरा आणि टायर चढवलेलं एक चाक सोबत न्यावं.

जागा किती हवी

७०० सी (रोड बाइकच्या नेहमीच्या मापाच्या) रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिमी, म्हणजे त्रिज्या ३११. त्यात २८ मिमीचा टायर मिळवला की झाले ३३९. टायर आणि मडगार्ड यांच्यात ८ ते १० मिमी फट ठेवावीच लागते. ती कमी पडली तर ओला पालापाचोळा, चिखल आणि बर्फाचा लगदा तिथे दाबून बसतो आणि चाक घासायला लागतं. मडगार्डची जाडी आणि तो आवळणाऱ्या बोल्टचं डोकं धरलं की बेरीज ३५५ मिमीच्या आसपास जाते. हाच आकडा डोक्यात ठेवून तीन ठिकाणी मापं घ्या: एक्सलच्या मध्यापासून फोर्क क्राउनच्या (फोर्कचे दोन पाय वर जिथे जुळतात त्या भागाच्या) खालच्या बाजूपर्यंत, मागच्या ब्रेकच्या आडव्या पुलापर्यंत आणि बॉटम ब्रॅकेटजवळच्या (क्रँकचा एक्सल फिरतो त्या जागेजवळच्या) चेनस्टेच्या (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांच्या) पुलापर्यंत. तिन्ही ठिकाणी ३५५ किंवा जास्त भरलं तर २८ चा टायर मडगार्डसकट आरामात बसतो. ३२ चा हवा असेल तर ३६० धरा.

रुंदीचं गणित वेगळं. मडगार्ड टायरपेक्षा साधारण ८ ते १० मिमी रुंद लागतो, म्हणजे २८ च्या टायरला ३६ ते ३८ मिमीचा. टायर जिथे चेनस्टेच्या मधून जातो तिथे आतल्या आत ४४ मिमी मिळाले तर उत्तम. बऱ्याच रोड फ्रेममध्ये एवढे मिळत नाहीत. तेवढ्याच भागात मडगार्डच्या कडा कापून घेतल्या तरी काम भागतं, त्यामुळे एवढ्यावरून फ्रेम नाकारू नये. उंचीची कमतरता मात्र अशी भरून काढता येत नाही.

मागचे ड्रॉपआउट (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचा) आडवे, पुढे तोंड असलेले असतील तर चाक काढताना ते आधी पुढे सरकतं आणि मडगार्डवर आपटतं. अशा फ्रेमवर चेनस्टेचा पूल आणि मडगार्ड यांच्यात स्पेसर घालता येत नाही, कारण स्पेसरने मडगार्ड आणखी मागे येतो. तिथे पुलापाशी मुळातच जास्त मोकळी जागा हवी. ती नसेल तर पंक्चर झाल्यावर गारठलेल्या बोटांनी टायरची हवा सोडल्याशिवाय चाक निघणार नाही. उभे ड्रॉपआउट असतील तर ही कटकट नाही.

ब्रेक: रीच की डिस्क

रिम ब्रेकच्या फ्रेममध्ये सगळ्यात अडचणीची जागा पुलाखाली नसते, ब्रेकच्या कमानीखाली असते. म्हणून ब्रेकचा रीच बघावा. ब्रेकच्या बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून रिमवर पॅड जिथे टेकतो त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे रीच. रेसिंग फ्रेमना ३९ ते ४९ मिमीचे ब्रेक लागतात. त्यात २५ चा टायर मडगार्डसकट कसाबसा बसतो, तोही नशीब असेल तर. ४७ ते ५७ मिमीच्या ब्रेकसाठी बांधलेली फ्रेम मिळाली तर २८ अधिक मडगार्ड हा हिशेब सुटतो. ब्रेक नसलेली नुसती फ्रेम असेल तर सोबत नेलेलं चाक लावून हे अंतर मोजा. विकणाऱ्याच्या ‘बसेल हो’वर विसंबू नका.

नवीन फ्रेम घ्यायची असेल तर आमचं मत डिस्क ब्रेकच्या बाजूने आहे. हिवाळ्यात रस्त्यावरची बारीक खडी आणि पाणी यांची पॅडखाली पेस्ट होते आणि ती रिमची कड खात राहते. डिस्कमध्ये झीज होते ती रोटर (चाकासोबत फिरणारी चकती) आणि पॅडची, चाकाची नाही. मागचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) सीटस्टेच्या (सीटकडून मागच्या चाकाकडे येणाऱ्या नळीच्या) बाहेर आहे की चेनस्टेवर, दोन नळ्यांच्या बेचक्यात, हे पाहून घ्या. बेचक्यातला कॅलिपर मडगार्डला ड्रॉपआउटशी जोडणाऱ्या काडीला आडवा येत नाही. बाहेर असेल तर काडी वाकवून किंवा लांब स्पेसर लावून न्यावी लागते. अर्थात जुनी, ५७ रीचची, धडधाकट फ्रेम स्वस्तात मिळत असेल तर ती सोडून डिस्कच्या मागे धावण्यात अर्थ नाही. रिम झिजली तर बदलता येते.

भोकं आणि बुटाचं टोक

मागच्या ड्रॉपआउटवर आणि फोर्कच्या टोकांवर एम ५ (५ मिमी बोल्टच्या) आट्यांची भोकं हवीत. मागे प्रत्येक बाजूला दोन असतील तर एक मडगार्डला, एक कॅरियरला. क्राउनला आणि दोन्ही पुलांनाही भोक हवं. चेनस्टेचा पूलच नसलेल्या फ्रेम बाजारात आहेत. तिथे मडगार्ड झिप टायने बांधावा लागतो आणि तो महिनाभरात खडखडायला लागतो. फोर्क कार्बनचा असला तरी हरकत नाही, तो गंजत तर नाहीच, फक्त त्यालाही ही भोकं असली पाहिजेत. क्लिपने अडकवायचे अर्धे मडगार्ड हा हिवाळ्याचा पर्याय नव्हे, कारण बॉटम ब्रॅकेटवर आणि पुढच्या डिरेलरवर (गिअर बदलणाऱ्या भागावर) उडणारं पाणी ते थांबवत नाहीत.

मडगार्ड लावला की पुढच्या चाकाचा घेर वाढतो आणि वळताना बुटाचं टोक त्याला लागू शकतं. हिशेब सोपा आहे: मडगार्डसकट चाकाची त्रिज्या सुमारे ३५१, क्रँक १७० आणि पेडलच्या एक्सलपुढे बुटाचे साधारण १००, मिळून ६२० च्या आसपास. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून पुढच्या एक्सलपर्यंतचं अंतर याहून जास्त असेल तर चिंता नाही. ६०० च्या खाली टोक लागणार हे धरूनच चाला. वेगात हँडल इतकं वळत नाही, त्यामुळे एरवी हे चालून जातं. पण निसरड्या चौकात अगदी हळू वळताना बूट अडकला तर सायकल तिथेच आडवी होते. लहान मापाच्या फ्रेममध्ये हा प्रश्न हमखास येतो.

आता नळी

स्टील कुठलंही असो, त्याचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. महाग मिश्रधातू ताकदीला जास्त, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन घटतं. उन्हाळ्यात हा फायदा, हिवाळ्यात थोडा तोटा. ५३१ च्या नळीची भिंत मध्यभागी ०.६ मिमीच्या आसपास असते, ८५३ सारख्या नळ्यांत ती ०.४ पर्यंत उतरते. आतून गंजाचे खड्डे पडायला लागले की हा ०.२ मिमीचा फरक जाणवतो. पातळ नळीला पोचाही लवकर पडतो. म्हणून रेनॉल्ड्स ५२५, ६३१ किंवा साधी बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) ४१३० क्रोमोली पुरेशी आहे. हाय-टेन (साध्या, स्वस्त) स्टीलची फ्रेम टिकते, पण तिचं वजन चढावर सतत आठवण करून देतं.

क्रोमोलीत क्रोमियम असतं म्हणून ती गंजणार नाही असं समजू नका. ४१३० मध्ये क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास असतं. स्टेनलेस व्हायला किमान १०.५ टक्के लागतं. रेनॉल्ड्स ९५३ आणि कोलंबस एक्ससीआर या खऱ्या स्टेनलेस नळ्या. हिवाळ्याला त्या उत्तमच, पण त्या किमतीत साधी फ्रेम घेऊन वर दोन जोड्या चाकं येतील.

सुटे भाग मिळतील असे आटे

बॉटम ब्रॅकेटला आटे असलेली फ्रेमच घ्या. बीएसए (इंग्लिश माप) म्हणजे ६८ मिमी रुंद, १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, उजवा कप (बेअरिंग धरणारी वाटी) उलट्या आट्यांचा. इटालियन ७० मिमीचा असतो आणि त्याचे दोन्ही कप सरळ आट्यांचे, त्यामुळे उजवा कप चालवताना सुटत जातो. प्रेस-फिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेला) हिवाळ्यात करकरतो आणि बेअरिंग वरचेवर बदलावे लागतात, त्याच्या वाटेला जाऊ नका.

मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर मोजा. १३० मिमी असेल तर आजची रिम ब्रेकची चाकं बसतात. १२६ असेल तर स्टील वाकवून १३० करता येतं, दोन्ही बाजू २-२ मिमी. हे काम फ्रेम बांधणाऱ्याकडूनच करून घ्या, कारण वाकवल्यावर ड्रॉपआउट पुन्हा समांतर करावे लागतात. डिस्कला १३५ (क्विक रिलीज) किंवा १४२ चा थ्रू एक्सल (ड्रॉपआउटमधून आरपार जाणारा). सीटपोस्ट २७.२ मिमीचा असेल तर सहज मिळतो.

वापरलेली फ्रेम तपासताना

आधी सीटपोस्ट हलवून बघा, बाकी सगळं नंतर. ॲल्युमिनियमचा पोस्ट, स्टीलची नळी आणि मिठाचं पाणी एकत्र आले की पोस्ट नळीत जाम होतो, आणि तो काढायच्या खटपटीत फ्रेमच बाद होऊ शकते. तो हलत नसेल तर किंमत कितीही कमी असो, पुढे चला. क्विल स्टेमलाही (हँडल धरणारा, फोर्कच्या नळीत आत उतरणारा जुन्या पद्धतीचा भाग) हाच नियम.

पोस्ट निघाला तर टॉर्च नळीत मारा. तपकिरी पातळ थर चालतो. खपल्या सुटत असतील तर फ्रेम उलटी धरून हलवा. भुकटी पडली तर ठीक, पापुद्रे पडले तर नको. मग बॉटम ब्रॅकेटच्या खालून, चेनस्टेच्या पुलाभोवती आणि केबलच्या खाचांपाशी रंगाला फुगे आहेत का ते नखाने चाचपा. फुगा फोडून टोच्याने हलकेच दाबा. टोच्या कडक धातूवर अडला तर गंज वरवरचा आहे. किंचित आत गेला तर ती नळी संपली. नव्याने पावडर कोटिंग केलेली जुनी फ्रेम दिसायला देखणी, पण खाली काय झाकलंय ते कळत नाही. आम्ही त्यापेक्षा ओरखडे पडलेला मूळ रंग पसंत करतो.

हेड ट्यूबच्या मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती किंवा नळीला बारीक उंचवटा लागला तर फ्रेम समोरून आपटलेली आहे. शेवटी दोरा: एका ड्रॉपआउटला बांधून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. एक मिमीचा फरक सोडून द्या. तीन मिमीपर्यंत सरळ करून मिळेल. त्याहून जास्त असेल तर घेऊ नका.

जोडणीआधी

बॉटम ब्रॅकेटच्या तळाला पाणी निघायचं भोक नसेल तर सर्वांत खालच्या जागी ४ ते ५ मिमीचं पाडून घ्या. आतून येणारं पाणी शेवटी तिथेच साठतं. आटे साफ करून घ्या आणि मग नळ्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) किंवा जवसाचं तेल सोडा. एका फ्रेमला साधारण १०० मिली पुरतं. प्रत्येक भोकातून थोडं थोडं सोडत फ्रेम चारी बाजूंनी फिरवा, चेनस्टे आणि सीटस्टेची बारीक भोकं विसरू नका, जास्तीचं निथळू द्या. जवसाचं तेल वाळायला काही दिवस लागतात. त्याने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सीटपोस्ट, स्टेम आणि ब्रॅकेटचे कप भरपूर ग्रीस लावून बसवा. बाटलीचा पिंजरा लावणार नसाल तरी त्याचे बोल्ट जागेवर ठेवा, नाहीतर पाणी थेट नळीत उतरतं. हिवाळाभर महिन्यातून एकदा सीटपोस्ट बाहेर काढून पुसा आणि पुन्हा ग्रीस लावा. खाली ठेवलेलं ते भोकही त्याच वेळी तारेने मोकळं करा.