घर भुसावळला, डेस्कटॉप पुण्यात : कॅमेरा आणि माइक जुळवताना

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा इथे घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या नव्या पोरापोरींची पहिल्या आठवड्यातली तक्रार बहुतेक ठरलेली असते : "लॅपटॉपवर कॅमेरा चालतो, पण ऑफिसच्या डेस्कटॉपवर गेलं की दिसतच नाही." यात कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. पडद्यावर दिसणारं विंडोज पुण्यातल्या सर्व्हरवर चालू आहे आणि कॅमेरा तुमच्या टेबलावर. तो इथून तिथे पाठवावा लागतो. म्हणून काहीही बिघडलं की आधी एवढंच ठरवा : बिघाड अलीकडे आहे की पलीकडे?

तपासायला सुरुवात अलीकडून करा. रिमोट डेस्कटॉप (म्हणजे पुण्याचं विंडोज इथे दाखवणारी जोडणी) बंद ठेवून लॅपटॉपवरचं कॅमेरा ॲप उघडा आणि रेकॉर्डरवर दहा सेकंद बोलून ऐका. इथेच काही दिसत-ऐकू येत नसेल तर पुढची खटपट वाया. सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागात कॅमेरा आणि मायक्रोफोनची वेगवेगळी पानं आहेत. दोन्हींच्या तळाशी डेस्कटॉप ॲप्सच्या परवानगीचं स्वतंत्र बटण असतं. वरची बटणं चालू करून लोक पान बंद करतात, आणि हे खालचं बंदच राहतं.

आता रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडा, 'शो ऑप्शन्स' दाबा आणि 'लोकल रिसोर्सेस' टॅबवर जा. 'रिमोट ऑडिओ'च्या सेटिंग्जमध्ये दोन प्रश्न असतात. आवाज कुठे वाजवायचा, याला 'प्ले ऑन धिस कॉम्प्युटर' निवडा. 'प्ले ऑन रिमोट कॉम्प्युटर' निवडलंत तर आवाज निघेल तो पुण्यातल्या यंत्रावर, ऐकायला तिथे कुणी असो-नसो. दुसरा प्रश्न रेकॉर्डिंगचा, आणि घोळ होतो तो इथेच. मुळात तिथे 'डू नॉट रेकॉर्ड' निवडलेलं असतं. ते बदलून 'रेकॉर्ड फ्रॉम धिस कॉम्प्युटर' करा. "मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझं कुणालाच नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा या एका गोल बटणात सापडतं.

कॅमेऱ्यासाठी त्याच टॅबवर खाली 'मोअर' आहे. आतल्या यादीत 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हायसेस' उघडून आपल्या कॅमेऱ्यावर खूण करा. काही ठिकाणी तोच कॅमेरा यूएसबी उपकरण म्हणून जसाच्या तसा पलीकडे पाठवायचीही सोय असते. ती टाळा. ६४० बाय ४८० चं साधं चित्र, सेकंदाला ३० फ्रेम, दर बिंदूला १६ बिट, असा न दाबलेला (अनकम्प्रेस्ड) व्हिडिओ धरला तर सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट होतात. घरच्या ४० किंवा ५० एमबीपीएसच्या लाइनवर ते कसं मावणार? व्हिडिओ कॅप्चरच्या मार्गाने गेलं की चित्र लॅपटॉपवरच दाबलं जातं आणि मग पुढे पाठवलं जातं.

हे सगळं 'जनरल' टॅबवर जाऊन सेव्ह करा, नाहीतर उद्या पुन्हा हेच. या निवडी जोडणी करतानाच लागू होतात. सेशन चालू असताना काही बदलायचं असेल तर डिस्कनेक्ट करून पुन्हा जोडा.

पलीकडे गेल्यावर नवीन माणूस यादीत आपल्या हेडसेटचं नाव शोधत बसतो. ते तिथे नसतं. 'रिमोट ऑडिओ' असं असतं आणि तेच निवडायचं. अपवाद टीम्स या मीटिंग ॲपचा. कंपनीने टीम्ससाठी मीडिया ऑप्टिमायझेशन बसवलं असेल तर हेडसेटचं खरं नाव दिसतं, कारण तेव्हा आवाज आणि चित्र पुण्याला वळसा न घालता तुमच्या लॅपटॉपवरूनच मीटिंगकडे जातं. टीम्सच्या 'अबाउट'मध्ये 'मीडिया ऑप्टिमाइझ्ड' असं लिहिलेलं दिसेल.

पलीकडच्या कॅमेरा ॲपमध्ये शेवटी ४२४४ असलेला एरर कोड आला तर त्या यंत्राला कॅमेरा सापडलेलाच नाही. खूण, सेव्ह, पुन्हा जोडणी हे सगळं करूनही तोच कोड येत असेल तर अडवणूक धोरणाची असू शकते. आयटीला "कॅमेरा चालत नाही" एवढंच कळवू नका. ग्रुप पॉलिसीत (कंपनीच्या यंत्रांवर नियम लावायच्या विंडोजच्या सोयीत) रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टच्या 'डिव्हाइस अँड रिसोर्स रिडिरेक्शन'मध्ये 'डू नॉट अलाऊ व्हिडिओ कॅप्चर रिडिरेक्शन' चालू आहे का, असं विचारा. माइकसाठी तिथेच 'अलाऊ ऑडिओ रेकॉर्डिंग रिडिरेक्शन' आहे, ते मात्र चालू हवं. बंदी मुद्दाम घातलेली असली तर विषय संपला. पळवाटा शोधू नका. आणि एका रिमोटमधून दुसऱ्या रिमोटमध्ये जावं लागत असेल तर दोन्ही टप्प्यांवर परवानगी लागते, हेही आयटीकडच्या त्याच तिकिटात (तक्रारीत) लिहा.

हेडसेट वायरचा, यूएसबीचा घ्या. ब्लूटूथचा माइक चालू झाला की बऱ्याच हेडसेटचा आवाज फोनच्या मोडमध्ये जातो आणि डब्यातून आल्यासारखा येतो. तीन काळ्या पट्ट्यांची गोल पिन जुन्या पीसीच्या गुलाबी-हिरव्या भोकांत सरळ चालत नाही, स्प्लिटर लागतो. त्या पिनवर सतत घूं असा आवाज येत असेल तर चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर घरची अर्थिंग तपासून घ्या.

राहिला कूलर. मे महिन्यात पारा ४५ वर असताना तो बंद करा म्हणणं म्हणजे थट्टाच. माइक तोंडाशी दोन-तीन बोटांवर, पण श्वासाच्या रेषेतून बाजूला ठेवा. कूलरचा झोत माइकवर येऊ देऊ नका. पंप आणि मोटरची एकसुरी घरघर मीटिंग ॲपचं नॉइज सप्रेशन बरीच कापतं, पण माइकवर थेट आपटणारा वारा त्याला आवरत नाही.