बिर्गिट निल्सनचा आवाज पहिल्यांदा ऐकायचा असेल तर
ऑपेराची, म्हणजे गाण्यातून सांगितलेल्या नाटकाची, भाषा कोणाले समजते असं म्हणू नका भाऊ, बिर्गिट निल्सन ह्या ऑपेरा गायिकेपासून सुरू करा. ही बाई 1918 मध्ये स्वीडनच्या वेस्ट्रा कारुप गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मली, लहानपणी शेतात राबली, म्हणून मले ती आपलीच वाटते.

आधी गोष्ट वाचून घ्या. इटालियन संगीतकार पुच्चिनीचा ऑपेरा 'तुरांदोत' घ्या, राजकन्येची (बिर्गिट गाते ती हीच भूमिका) तीन कोडी, चुकलं की मुंडकं गेलं. पहिल्या अंकात राजकन्या एक सूर गात नाही, तिचं गाणं दुसऱ्या अंकात येते, तिथूनच लावा. रात्री ओलित झालं, मोटर बंद झाली की हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर वरचे सूर फाटतात.

आता खरी गंमत पाहा, आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात माईक असतो, इथं माईक नाही, समोर अख्खा ऑर्केस्ट्रा वाजून राहिला अन् एकटा गळा त्याच्यावरून पार शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते! ते ओरडणं नाही, सूर सरळ, धारदार, इळ्याच्या पात्यासारखा. पहिल्यांदा फक्त वरचा सूर कसा धरते ते ऐका, दुसऱ्यांदा श्वास कुठं घेते ते.

मग जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'ट्रिस्टान आणि इझोल्डे' ऑपेरातल्या नायिकेकडे, इझोल्डेकडे जा, ह्याच भूमिकेत ती 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा नाट्यगृहात पहिल्यांदा उभी राहिली.