बेसबॉलच्या इतिहासावरील स्वतःचे संशोधन वाचकांसमोर कसे मांडावे

फलंदाज टाय कॉबच्या नावावर ४१९१ हिट (चेंडू टोलवून सुखरूप तळ गाठणे) आहेत, असे अमेरिकेतील बेसबॉलच्या पुस्तकांत कित्येक दशके छापले जात होते. १९१० च्या हंगामातील एका सामन्याची त्याची नोंद अधिकृत वहीत दोनदा चढली होती, हे पीट पामर या संशोधकाच्या लक्षात आले आणि १९८१ मध्ये ‘द स्पोर्टिंग न्यूज’ने ते प्रसिद्ध केले. दुबार धरलेले २ हिट वजा केले की ४१८९ उरतात, शिवाय त्या वर्षीच्या फलंदाजी सरासरीत (टोलवण्याच्या दर संधीमागे हिट) दुसरा फलंदाज नॅप लाजोई कॉबच्या पुढे जातो. बेसबॉलचे तत्कालीन आयुक्त बोवी कून यांनी अधिकृत निकाल बदलण्यास नकार दिला, तरी संशोधन टिकले, कारण ती वही उघडून तीच ओळ कोणालाही पाहता येत होती. आपल्या लेखातही वाचकाला अशी ओळ दाखवता आली पाहिजे.

त्यासाठी प्रश्न लहान निवडावा. फलंदाज हॅक विल्सनच्या १९३० मधील आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा) १९० की १९१, एवढाच प्रश्न संशोधकांनी धरला. त्यातील एक आरबीआय चुकून त्याचा सहकारी चार्ली ग्रिमच्या नावे लिहिला गेल्याचे त्यांनी दाखवले आणि १९९९ मध्ये अधिकृत आकडा १९१ झाला. ‘सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण’ या प्रश्नाला असे उत्तर कधीच मिळणार नाही.

पुराव्यासाठी त्या काळातील वृत्तपत्रांतील बॉक्स स्कोअर (सामन्यातील प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचे तक्ते) पाहावेत, शक्यतो दोन्ही संघांच्या शहरांतले, आणि एकाच बातमीदाराचा मजकूर दोन पत्रांनी छापला असेल तर तो एकच पुरावा मानावा. आठवणींवर विसंबू नये. पुढे लष्करी अधिकारी झालेल्या ॲबनर डबलडेने १८३९ मध्ये कूपर्सटाउन येथे हा खेळ शोधला, ही कथा एका वृद्धाने सहा दशकांनंतर लिहिलेल्या पत्रावर उभी राहिली, आणि डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होता हे पुढे उघड झाले. जुन्या सामन्यांच्या नोंदी जमवणाऱ्या रेट्रोशीट या संस्थेची माहिती वापरल्यास, ती विनामूल्य मिळाली असून तिचे हक्क त्या संस्थेकडे आहेत, हे तिने ठरवून दिलेले निवेदन लेखासोबत छापावेच.

सर्वांत अधिक काळजी निग्रो लीगविषयी, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगविषयी, लिहिताना घ्यावी. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल संघटनेने २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत सामावून घेतले, त्यामुळे कारकिर्दीच्या सरासरीत निग्रो लीगमधील फलंदाज जॉश गिब्सन .३७२ वर, कॉबच्या .३६७ च्या पुढे आला. तथापि त्या संघांचे लीग-सामने कमी असत, इतर असंख्य सामने या गणतीत येत नाहीत, आणि अनेक बॉक्स स्कोअर अद्याप सापडलेले नाहीत. किती सामने मोजले आणि कोणते वगळले, हे आकड्याच्या शेजारीच लिहावे, तळटीपेत ढकलू नये. ज्यांना वर्णभेदामुळे दूर ठेवले गेले त्यांच्याविषयी एवढा नेमकेपणा हा मला किमान न्याय वाटतो.

लेखासोबत सामन्यागणिक तक्ता द्यावा: तारीख, प्रतिस्पर्धी, वृत्तपत्राचे नाव, पान. प्रसिद्धीपूर्वी १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘साबर’ या संशोधक संस्थेतील एखाद्या जाणकाराने तो तपासला तर उत्तम. पुढे कोणी चूक दाखवून दिल्यास जुना आकडा पुसून न टाकता त्याखाली दुरुस्ती, तिची तारीख आणि दाखवणाऱ्याची संमती असल्यास त्याचे नाव नोंदवावे.